यमुनाकाकूंचा तोल

आमच्या बपेरा गावात यमुनाकाकूंकडे गेलात, तर त्या तुमच्याशी एका पायावर उभ्या राहून बोलतील. दाराची चौकट दोन बोटांनी धरायची, डावा पाय उचलायचा आणि विचारायचं, "काय बापू, जेवण झालं का?" नवा माणूस आधी खाली काही सांडलंय का ते बघतो.

काकूंची छाती चुलीच्या धुरानं गेलेली. विडीला कधी हात लावला नाही, पण जन्मभर ओल्या लाकडांवर स्वयंपाक केला. दम लागायचाच, पण अंगणात पडायला लागल्या, तेव्हा दवाखान्यातल्या कसरतवाल्या मॅडमनी सांगितलं, या आजारात पायांचं बळ जातं, तोलही जातो. काकूंनी ते मनावर घेतलं. "छाती त गेली, आता पाय कायले जाऊ देऊ?"

मग भिंतीला हात लावून टाचेपुढे टाच टाकत चालणं सुरू झालं. येणाऱ्याजाणाऱ्यालाही त्या एका पायावर उभं करत. सरपंच डुलले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तुमी चाय बसूनच घ्या."

यंदा कापणीच्या आधी एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "सखूकडे जाऊन राहिली. मागून ये, पण हात नोको लावू."

सखूबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, आता शेतापलीकडे राहणारी. मी म्हटलं, गाडीवर सोडतो.

"नाही. तिले मी चालत येताना दिसली पायजे."

धानाच्या खाचरांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, वीतभर रुंद, वर दवानं ओला. काकू थोडं चालत, थांबत, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत, पुन्हा निघत. छातीतून शिट्टी वाजत होती. पाऊल मात्र ढळत नव्हतं. मी हात पसरून मागे. मध्येच मीच चिखलात गेलो.

"निंघ बाहेर," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "मले हसवू नोको, दम लागते."

सखूबाई ओसरीत खाटेवर होत्या. दोघींनी एकाच चुलीवर जन्म काढला, दोघींना एकच आजार. सखूबाईंनी मात्र पडायच्या धाकानं खाट सोडणंच बंद केलं होतं. त्या धुऱ्याकडे बघत होत्या.

"बाई, तू चालत आली?"

काकू धापा टाकत होत्या. त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. जरा वेळानं त्यांनी सखूबाईंचे पाय हातांनी खाली घेतले आणि जमिनीला लावले.

"मले धर. आज फक्त उभी राय. तुयाशिवाय लय सुनं वाटते वं."

सखूबाई उठल्या. दोघींच्या छात्या घरघरत होत्या. कोणी कोणाला धरलंय, ते मला कळेना.