चौथा काटा

"आता पोरगी सापडलीच म्हणून समज!" हजेरीबाबूंनी घड्याळ बांधलेलं मनगट थेट बायकोच्या नाकासमोर धरलं.

"वापरलेलं दिसतंय."

"जपानी आहे!"

"म्हणजे जपानी माणसानं वापरलेलं."

चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बसून हजेरीबाबूंनी उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल रेघ मारली होती. निवृत्तीनंतर रेघ मारायला कुणी उरेना, तेव्हा परदेशातली मुलगी हाती लागली. तिच्या फोनची वही झाली. रविवारी नऊचा फोन नऊ-सातला आला, की रेघ! ती झोपेत असली तरी रेघ, मीटिंगमध्ये असली तरी रेघ. शेवटी तिनं फोन करणंच सोडलं. घरात आता दोन माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. तिघांत जास्त बोलायचं ते घड्याळच.

म्हणून हे प्रवाशांचं घड्याळ. तबकडी पांढरीशुभ्र, बर्फात उभ्या झाडाच्या सालीसारखी चरेचरे उमटलेली. आणि नेहमीच्या तीन काट्यांवर एक निळा चौथा काटा, परक्या गावची वेळ सांगणारा. दुकानदारानं तो मुलीच्या शहरावर लावून दिला. सहा तास मागे. आता अवेळी फोन जायचा नाही आणि मुलगी पुन्हा बोलेल, असा बेत!

दुपारी एकला त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळचे सात.

"जेवतेय बाबा, नंतर बोलू."

सकाळी सातला जेवण? दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळी सातला लावला. तिकडे भर दुपारचा एक.

"थांबा हं, दिवा लावते. केवढं अंधारलंय!"

हजेरीबाबूंनी घड्याळ काढून आपटायचंच बाकी ठेवलं. सकाळी उठून ते घड्याळजीकडे गेले. त्यानं भिंग लावून आत पाहिलं.

"काका, सेकंदाचाही फरक नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घड्याळजी आता त्यांना पाहिलं की भिंग न काढताच सुस्कारा टाकायचा.

"काका, घड्याळ बरोबर आहे. तुमची मुलगीच चुकतेय."

"माझी मुलगी? थांब, तुझ्यासमोर विचारतो!"

तीनला दोन मिनिटं कमी होती. मुलीनं फोन उचलला. "तुझ्याकडे किती वाजले?" हजेरीबाबू गरजले. ती उत्तर शोधत असतानाच कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. एका कानात रस्त्यावरून. दुसऱ्या कानात फोनमधून!

चौतीस वर्षं ऐकलेला भोंगा. शेवटी जरासा खोकणारा. जगात दुसरा असणं शक्य नव्हतं.

फोन कुणी ठेवला ते कळलं नाही. घड्याळजीनं निमूट स्टूल पुढे सरकवलं.

"चार महिने झाले तिला येऊन," घरी बायको ताट पुसता पुसता म्हणाली. "कारखान्यामागे खोली घेतलीय. मी गुरुवारी भाजीला जाते ना, ती तिच्याकडेच."

"तरीच भाजी कमी येते!"

"नोकरी गेली तिची. घरीच यायचं होतं तिला. पण म्हणाली, बाबा वही काढतील."

हजेरीबाबूंनी 'मी कशाला काढीन' म्हणायला तोंड उघडलं. खिशाला लाल पेन होतं. तोंड मिटलं.

बराच वेळ भिंतीवरचं घड्याळ एकटंच बोलत राहिलं. मग त्यांनी फोन लावला.

"बाबा, उद्या येऊ? पाचला?"

"कुणाच्या पाचला?" सवयीनं तोंडून निघून गेलं.

"आपल्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारपासून ते दाराशी खुर्ची टाकून बसले, फाटकावर बसायचे तसेच. पाच झाले. पाच-दहा. बायको स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या उजव्या हातावर नजर ठेवून होती. पाच वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली.

दारात मुलगी. फोटोतल्यापेक्षा बरीच वाळलेली. तिची नजर आधी त्यांच्या मनगटावर गेली.

"बाबा, उशीर..."

"छे छे!" हजेरीबाबूंनी बाही खाली ओढली. "हे पुढे पळतं गं. वापरलेलं आहे ना!"