वीस काठ्या, चार चिमटे, चार फुल्या

शाळेच्या मनोऱ्यावर चढवायचे पितळी आकडे घड्याळजींनी पटांगणात मांडले, तोच मुख्याध्यापकांनी चारवर छडी टेकवली.

"चार काठ्या? चार म्हणजे पाचातून एक वजा. IV. चुकीचा आकडा माझ्या शाळेवर लागणार नाही."

घड्याळजींनी समजावून पाहिलं. तबकडीवर IIII लावायची घड्याळवाल्यांची जुनी रीत, शिवाय खुद्द रोमन लोकही दोन्ही तऱ्हांनी लिहीत. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, उद्या सकाळी चार नीट दिसला तरच देखभालीच्या करारावर सही. त्या सहीवर घड्याळजींचा जीव टांगलेला होता. मनगटावरचं घड्याळ आता कोणी दुरुस्तीला आणत नव्हतं. मनोरा हातचा गेला, तर दुकानाला कुलूपच.

घोडं अडलं ते ओतकामापाशी. ओताऱ्याचा साचा एकच. त्यात पाच काठ्या, एक चिमटा आणि एक फुली, म्हणजे I, V आणि X. साचा चारदा ओतला की बाराही आकडे पुरे होतात, एक तुकडा उरत नाही. सरांचा चार करायचा, तर तीन काठ्या उरत होत्या आणि एक चिमटा कमी पडत होता. ओतारी महिनाभरासाठी लेकीकडे गेलेला, भट्टी गार.

दुपारी बायकोने जेवणाचं ताट पुढे सरकवत सगळं ऐकून घेतलं.

"फुलीला कमरेत कापा की. दोन चिमटे निघतील."

घड्याळजींना बायकोचा फार अभिमान वाटला. फुली कापून होईपर्यंत तो टिकला. दोन बुटके चिमटे हाती आले, चारचं भागलं. पण नऊ, दहा, अकरा, बारा असे चौघे फुली मागत उभे आणि फुल्या उरल्या तीन.

"दोन चिमटे जोडून फुली करा," बायको म्हणाली.

"म्हणजे चार पुन्हा उपाशी."

 उरलेला बुटका चिमटा तिने नऊच्या जागी ठेवला, त्याच्या शेजारी उरलेल्या तीन काठ्या आणि नऊची स्वतःची एक. VIIII. जमिनीवर काही उरलं नाही.

सकाळी सरांनी मान वर केली. चार बघून ती डोलली, नऊपाशी अडकली.

"हे काय आहे?"

"नऊ, सर."

"नऊ असा कोण लिहितं?"

"रोमन लिहायचे. पाच अधिक चार. इतिहास तर तुम्हीच शिकवता."

 सर आवाज खाली आणून म्हणाले, "मग चारचं काय वाईट होतं?"

"हेच मी काल विचारत होतो."

सरांनी सगळं पहिल्यासारखं करायला सांगितलं. घड्याळजींनी चष्मा पुसत सांगितलं, की कापलेली फुली काही सांधत नाही आणि भट्टी महिनाभर पेटत नाही. एव्हाना मुलं जमून बोटांवर काठ्या मोजू लागली होती. सरांनी त्यांना वर्गात पिटाळलं आणि घड्याळजींना कोपऱ्यात घेतलं.

"दुसरा घड्याळवाला आला, तर पहिल्यांदा काय विचारेल?"

"हे कुणी करायला सांगितलं, असं विचारेल."

सरांनी खिशातून पेन काढलं. करारात मुदत एक वर्षाची होती. ती खोडून त्यांनी पाच वर्षांची केली आणि खाली सही ठोकली. आकडा मात्र देवनागरीत लिहिला.