आजोबा गेले!

"एलईडी उलटा बसला तर लागत नाही. आणि बघायला मागे माणूस हवा!" गाडीचे ब्रेकचे दिवे मीच बदलणार, असं लेक म्हणताच बाबांनी फोनवर बजावलं होतं. बाबांची हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेली. पण लेक ठसक्यात म्हणाली, "बाबा, मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे!"

"गाडीला वाचता येत नाही गं."

दर रविवारी ते फोनवर विचारायचे, "काही काम निघालंय का?" तुम्ही नुसतेच या ना, हे तिच्या अगदी ओठांवर यायचं. तोंडातून मात्र निघायचं, "छे, सगळं जमतं मला!" अशाने सहा महिने भेट नव्हती. त्यांनी दिलेली जुनी गाडी तेवढी दारात होती. चार वर्षांची चिमणी त्या गाडीलाच 'आजोबा' म्हणायची.

मागचे दोन्ही बल्ब काढून तिने एलईडी बसवले. हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, चिमणीला दहा पावलं लांब कुंडीपाशी उभं केलं. लहानपणी बाबा ब्रेक दाबायचे आणि ही मागून ओरडायची, तेच शब्द तिने चिमणीला पढवले. "पेटला की 'लागला' म्हण, नाहीतर 'गेला'!"

ब्रेक दाबला.

"आई, डावा गेला!"

"नीट बघ!"

"उजवापण गेला! आई, आजोबा गेले!" चिमणीचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा!

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नेमकं शेवटचंच ऐकलं आणि हुंदके देत चिमणीच्या बाबाला ऑफिसात कळवलं. तो इतका हादरला, की त्याने सांत्वनासाठी थेट सासऱ्यांच्याच घरी फोन लावला.

"फार वाईट झालं हो! बाबा गेले!"

"कुठे गेलो?" पलीकडून बाबाच खेकसले.

दोन तासांत बाबांची स्वारी लेकीच्या दारात! एलईडी उपसले, फिरवले, खोचले. लेकीने ब्रेक दाबला.

"लागला!" चिमणी किंचाळली.

लेकीचे डोळे भरले. "बाबा, सहा महिने आला का नाहीत?"

"काम कुठे सांगितलंस? म्हटलं, एम.एस्सी.बाईंना आपला काय उपयोग!"

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. रविवारी फोन वाजताच ती म्हणाली, "बाबा, डावा परत गेला हो!"

तिची तुम्हाला एकच विनंती आहे. तुम्हालाही कुणी 'काही काम आहे का' विचारत असेल, तर आजच जाऊन बघून या. फोनवर सगळ्यांचेच दिवे लागलेले असतात.

आणि डावा झकास पेटतोय, हे बाबांना सांगू नका!