काकांचा दंड

२० मे १९८५, सोमवार. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर पसरून मी राखणीला बसले होते. शेजारच्या चादरीवर दळवीकाकांची अर्जुनाची साल वाळत होती.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये भेटलं की लोक "जेवलात का?" विचारतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, "वरचं किती? खालचं किती?" म्हणजे ब्लडप्रेशर. पिशवीत पाऱ्याचं यंत्र कायम. एकदा रद्दी मोजायला आलेल्या रद्दीवाल्याचंच त्यांनी मोजलं.

संध्याकाळी सालीचा काढा घरोघर. "हृदयाला उत्तम! पण डॉक्टरची गोळी सोडायची नाही हां. साल गोळीची मैत्रीण, सवत नाही." आमच्या घरी तो कुंडीतली तुळस पिते. ठणठणीत आहे.

त्या दुपारी वारा सुटला आणि दोन्ही चादरी एक झाल्या. मी मिरच्या वेचल्या, काकांनी साल. त्यांचा चष्मा खाली घरी राहिला होता.

संध्याकाळी तळमजल्यावरचे सावंत ओरडले, "काका, काढा आहे की कोंबडीचा रस्सा? जीभ जळली ना!"

काकांनी तिथेच सावंतांच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. "बघ, वरचं चढलं! आधी राग आवर."

मिरच्या माझ्या, म्हणून चूक कबूल करायला मी वर गेले. काका जिन्यात कठडा धरून बसले होते.

"चक्कर येते?"

"छे गं. ऊन."

त्यांना घरात नेऊन बसवलं. टेबलावर त्यांची वही होती. प्रत्येक बिऱ्हाडाला एक पान. पहिलं पान त्यांचं स्वतःचं, काकूंच्या अक्षरात. काकू गेल्या त्या महिन्यापासून कोरं.

"तुमचं कोण मोजतं?"

"ही मोजायची. आपणच फुगा दाबला की आकडा खरा येत नाही."

"मग डॉक्टर?"

"त्याचा पांढरा कोट दिसला की पारा उडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून मी वर गेले. "हात पुढे करा." ठोके कसे ऐकायचे ते त्यांनीच शिकवलं. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं. काकूंच्या अक्षराखाली आकडा लिहिला.

"वरचं किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरंच. चपला घाला."

दवाखान्यात मी आधी आत गेले आणि डॉक्टरांना कोट काढून ठेवायला लावला.