भिवरेची नडगी मोडली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि खरें लिहितां हात न कापो. शके सतराशें सहा, क्रोधी नाम संवत्सरे, एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें ऐकावें.

राजधानींत सरकारची नृत्यशाळा होती, आणि तेथें विसाजी नाईक उस्ताद चाळीस मुलींस नाच शिकवीत. त्यांत भिवरा म्हणोन साळियाची लेक, वय वर्षें पंधरा, पहिल्या रांगेंत उभी राही. दसऱ्याच्या दरबारीं एकशेंआठ गिरक्या घ्यावयास तीच नेमिली होती आणि त्यापरतें तिला दुसरें सुख ठाऊक नव्हतें. शाळेची जमीन काळ्या फरशीची, तिजवर पहाटेपासोन दोन प्रहर टाचा आपटाव्या. आणि रीत ऐशी, कीं जी मुलगी लंगडेल तिच्या पायीं पन्नास घुंगरूं अधिक बांधावीं. कां, तर दुखतें म्हणजे पाय बसतो, आणि जड केला म्हणजे लौकर बसतो. आग लागो त्या रीतीस! खुद्द उस्तादांचे गुडघे त्याच रीतीनें गेलेले, पाटावर बसोन शिकवीत, तरी डोळे उघडले नाहींत.

भाद्रपदांत भिवरेची उजवी नडगी ठणकूं लागली. एके जागीं बोट ठेविलें तरी जीव कासावीस व्हावा. बोलावें तर पन्नास घुंगरूं, म्हणोन तिनें दुखणें गिळिलें आणि हसोन नाचली, आणि मग आडोशास जाऊन रडली. शेवटीं तुळाजी हाडवैद्याकडे गेली. त्यानें चाचपोन सांगितलें कीं हाडास बारीक चीर गेली आहे. दीड महिना बसशील तर जन्मभर नाचशील, न बसशील तर मोडेल. आणि तो भला माणूस स्वतां उस्तादांकडे गेला, भिवरेस दीड महिना बसवा, फरशीवर फळ्या घाला, आठवड्यास एक दिवस सुटी द्या, कोणीही पोर दुखतें म्हणाली तर बसवा, ऐसें विनविलें.

उस्ताद बोलिले, "तुम्ही हाडें जोडावीं. नाच आम्हांस शिकवूं नये."

तुळाजी म्हणाला, "नाईक, आपले गुडघे कोणीं खाल्ले तें तरी आठवा."

उस्तादांस तें झोंबलें, आणि राग कोणावर निघाला म्हणाल, तर पोरीवर. तेच दिवशीं तिच्या पायीं पन्नास घुंगरूं चढलीं.

मग दसऱ्यास दरबार भरला. साठ गिरक्या जाहल्या, एकसष्टाव्या गिरकीस काटकी मोडावी तैसा आवाज आला आणि भिवरा खालीं बसली. आणि दरबारी मंडळींस वाटलें ही नवी अदा, त्यांनीं वाहवा केली. मेल्यांनो, पोरीचें हाड मोडलें तें! मग शास्त्री बोलाविले, घुंगरांस दृष्ट लागली ऐसा निर्णय जाहला, आणि घुंगरांची शांत केली. रोग रेड्यास, औषध पखालीस. फरशी तैशीच राहिली.

उस्ताद भिवरेस पाहावयास आले आणि पुढील सालीं नाचशील म्हणाले. ती बोलली, "उस्ताद, दीड महिनाच मागितला होता. तुम्हीं दिला नाहीं." उस्ताद गुडघे धरोन उठले आणि निघोन गेले.

तात्पर्य इतकेंच. पोरगी पडली तरी ताल चुकला नाहीं, म्हणोन उस्तादांस सरकारांतून शालजोडी जाहली. भिवरेचें हाड आखूड जुळलें. ती चालती जाहली, नाचती न जाहली.