बापूचा रिकामा डबा

आमचा शेजारी बापू बाजाराला निघाला की हातात स्टीलचा डबा आसतो. चांगला मोठा, कडीचा, झाकनाचा. आन् आत काय? काय न्हाई. जाताना रिकामा, येताना रिकामा.

हे कळायला मला घोडेगावचा एक आख्खा बाजार गेला. मी शेळी घ्यायला गेल्तो, बापू सोबतीला. म्हनलं, येवढा डबा हाय, भाकरी आसंलच. म्हनून घरनं काय बांधून घेतलंच न्हाई. दुपारी लिंबाखाली बसलो. मी हात धुतले, मांडी घातली, कांदाबी फोडला. बापूनं डबा बाजूला ठिवला आन् आडवा झाला. तो घोरायला लागल्यावर मी हळूच झाकन उघडलं. बुडाला माझंच तोंड दिसत हुतं, भुकेलं.

त्याचं दुसरं येड कापडाचं. बाजारात जुन्या कपड्याचा ढीग दिसला की बापू तिथं उकिडवा बसनार.

"उलटं करून दाव."

इकनारा उलटं करून दावतो. बापू बगतो, मान हलवतो, उठतो. घेत काय न्हाई. गोधडी आसू दे, पिशवी आसू दे, उशीचा आभ्रा आसू दे, "उलटं करून दाव." त्या घोडेगावात तर त्यानं एका बैलाच्या पाठीवरची झूल उलटी केली. बैलाला ते आवडलं न्हाई. त्यानं ढुसनी मारली, ती मला. कारन बापू बाजूला झाला आन् मागं मी हुतो. मी जाऊन पडलो डब्यावर. डब्याला पोचा आला. बापूनं पळत येऊन डबा उचलला. मला न्हाई.

'उलट्या बापू' हे नाव मीच पाडलं. लई खूश हुतो. आठवड्यात गाव मला 'उलट्याचं शेपूट' म्हनाया लागलं.

तर ह्या बापूला आन् त्याच्या डब्याला घिऊन मी नगरला दाढ काढायला गेल्तो. डॉक्टरनं दाढ काढली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आन् म्हनाला, "आता जरा वेळ बोलायचं नाही." जन्मात पयल्यांदा माझ्यावर गप बसायची पाळी आली. बापूनं डॉक्टरला दोनदा हात जोडले.

एस्टी स्टँडाकडं येताना एसटीडी फोनच्या दुकानामागं मैदानात रंगीत कनाती दिसल्या. पुन्या-मुंबईची शिकलेली पोरंपोरी झाडाखाली बाजंवर कपडे मांडून बसल्याली. कारखान्याचं काय न्हाई, समदं आपल्या डोक्यानं आन् आपल्या हातानं. हातमागाचं कापड, जुन्या साड्यांचे झगे, डाळिंबाच्या सालीत रंगवल्याले सदरे. एक पोरगा सांगत हुता, "हा रंग पुन्हा असाच येत नाही." माझ्याबी सदऱ्यावर डाळिंबाचा डाग हाय, त्यो तर जातच न्हाई. पन बोळा हुता, सांगता आलं न्हाई.

एक पोरगी माझ्या गुडघ्याकडं वाकून बगाया लागली.

"काका, हे ठिगळ हातानं घातलंय? काय रंग जमलेत! हा पायजमा विकणार का?"

मी "ऊं ऊं" केलं. तिला वाटलं, व्हय म्हनतोय. मी दोनी हातांनी नाडी धरली. आत काय नव्हतं आसं न्हाई. पन आत जे हुतं त्याला ठिगळबी नव्हतं, निस्ती भोकं.

बापू तिच्याच मांडवात हुता. समूर एक जाकीट टांगल्यालं. हिरवं, लाल काठाचं.

"उलटं करून दाव," बापू म्हनाला.

पोरीनं जाकीट उलटं केलं. बापू खाली बसला. उकिडवा न्हाई, पार मातीत.

जाकिटाच्या पाठीवर पिवळ्या दोऱ्याची रफू हुती. वाकडीतिकडी, गोम चालल्यावानी.

"ही मी मुद्दाम ठेवली," पोरगी म्हनाली. "कुणीतरी फार जीव लावून केलीय."

"म्या केलीया," बापू म्हनाला. "म्हनून आशी हाय."

मग बापू बोलला. मला बोलता येत नव्हतं, म्हनून मी ऐकलं.

"हे आमच्या मंडळींचं लग्नातलं लुगडं हुतं. नवी नवरी आसताना बाभळीला आडाकलं, टरकलं. लई रडली. घरात हिरवा दोरा नव्हता, पिवळा हुता. म्या बसून शिवलं. ते बगून हासली. मग सनाला हेच नेसायची. येकदा ती माहेराला गेल्ती आन् दारात बोहारीन आली, जुन्या कपड्यावर भांडी देनारी. म्या म्हनलं, फाटकं तर हाय. दिलं, डबा घेतला. लई हुशारी केली आसं वाटलं."

"मग? रागावल्या?"

"रागावली आसती तर बरं झालं आसतं. म्हनली, चांगला हाय डबा. फळीवर ठिवला. आज चार वर्सं त्यात डाळीचा दाना ठिवला न्हाई. आन् माझ्याकडं काय मागितलं न्हाई. मीठ संपलं तरी शेजारून आनती."

शेजारून म्हंजे आमच्याकडून. मी आपला समजत हुतो, वैनीला आमचं मीठ आवाडतं.

बापूनं डबा पुढं केला. "ज्याच्यावर गेलं त्याच्यावर देता का?"

"काका, हे शिवायला मला किती दिवस लागले, माहितीये?"

"लागले आसतील. मला येवढी रफू करायला आख्खी सकाळ गेल्ती."

पोरगी हासली. डबा हातात घेतला, उलटा करून बगितला.

"ह्याला पोचा आलाय."

"ह्यो पडला त्याच्यावर," बापूनं माझ्याकडं बोट केलं.

मी "ऊं" केलं.

"असू दे," ती म्हनाली. "पोच्यासकट द्या."

घरी आलो तर वैनी दारात बाजरी निवडत बसल्याली. बापूनं जाकीट तिच्या सुपात ठिवलं आन् माझ्या मागं येऊन हुबा राहिला. वैनीनं ते उचललं. उलटं केलं. त्या गोमंवरून बोट फिरवलं. मग लुगड्यावरच जाकीट आंगात घातलं.

"आन् डबा?"

"दिला."

वैनी उठून आत गेली. बापूचं तोंड येवढंसं झालं. माझा बोळा कवाच निघाल्ता, तरी मी आपला खाली बसून तिची बाजरी निवडाया लागलो.

मग आतून आवाज आला, "शेवया करायच्यात. कशात ठिवू? येक डबा आना की बाजारातून."

जामखेडच्या बाजाराला बापू उजाडायच्या आत तयार. येताना डबा नवा हुता. मला एका हातात उचलंना. बापू तंबाखू मळाया थांबला तवा मी हळूच झाकन उघडलं.

काठापत्तूर मीठ.