आज्यांची खानावळ

"आज नियम ठरल्याशिवाय कोणीही उठायचं नाही," ताईने जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकं आपटली. ताई फिजिओथेरपिस्ट. आखडलेला गुडघा 'नको, नको' म्हणत असताना वाकवायचा, हा तिचा रोजचा धंदा. त्यामुळे नकाराचं तिला काही वाटत नसे.

आज आखडून बसले होते ते घरचेच दोघं. टेबलाच्या एका टोकाला तिचा नवरा, दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ. मधे भावजय. ती दातांची डॉक्टर होती आणि निवांत बिस्किटं खात होती.

खेळ तसा साधा. एकाने गोष्ट रचत जायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पुढे काय होणार हे अडलं की फासे टाकायचे. त्या फाशांचा अर्थ लावायला नियमांचं पुस्तक. गोष्ट नेहमी ताई सांगायची. मागच्या खेळात भावाचं पात्र असलेला, चिलखत घातलेला गवई नदीत उतरला आणि विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या नवऱ्याने शांतपणे वजनाचं कोष्टक काढून दाखवलं, की चिलखत घातलेला माणूस तरंगत नाही. वर्षानुवर्षं जपलेला गवई बुडाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. घरात चार माणसं जमली की एक गॅलरीत आणि दुसरा आतल्या खोलीत. ताईचा जीव मधल्यामधे तुटायचा. नवा खेळ सुरू झाला तरच हे दोघं पुन्हा एका टेबलाशी बसणार होते, आणि नियम ठरल्याशिवाय खेळ सुरू होणार नव्हता.

"त्याला सांग," नवरा छताकडे बघत म्हणाला, "माझं पुस्तक जाड आहे, पण त्यात प्रत्येक गोष्टीचं उत्तर आहे."

"त्यांना सांग," भाऊ म्हणाला, "माझ्या पुस्तकात उत्तरं नाहीत, पण गंमत आहे." भाऊ रेडिओवर निवेदक होता. रुसला तरी आवाज गोडच यायचा.

"मी काय टेलिफोन आहे?" ताई भडकली. "दोन्ही नियमांनी एकच प्रसंग खेळून बघू. एक बंद दार आहे. त्याच्या पलीकडे जायचं. बास!"

आधी नवऱ्याचं पुस्तक उघडलं. लाकूड कुठलं, बिजागऱ्या आतून की बाहेरून, कडीला गंज किती, सगळं ठरवता ठरवता एक चहा झाला. बिजागरीला तेल घालायचं म्हटलं तर कुरकुरण्याचं वेगळं कोष्टक निघालं, म्हणून दुसरा चहा झाला. शेवटी एकदाचे फासे पडले आणि दार आणखी घट्ट बसलं.

"म्हणजे आता?" भावजयीने विचारलं.

"आता दार ढकलणाऱ्याचा खांदा निखळला. त्याचं कोष्टक मागे आहे."

"खांदा असा निखळत नाही," ताईला राहवलं नाही. नवऱ्याने पुस्तक छातीशी धरलं.

मग भावाच्या नियमांची पाळी आली. "मी दाराला म्हणतो, उघड," एवढं बोलून त्याने फासा टाकला. सहा पडले. दार उघडलं, गहिवरलं, आपली सगळी कर्मकहाणी सांगून मोकळं झालं, आणि पलीकडे उभ्या असलेल्या राजाने भावाला अर्धं राज्य देऊन टाकलं.

"त्याला विचार, हे दार होतं की लॉटरी?"

"त्यांना सांग, निदान माझं उघडलं तरी!"

त्याला सांग, त्यांना सांग, असं करता करता ताईची मान दुखायला लागली. शेवटी भावाने गाडीची किल्ली उचलली. "ताई, आम्ही निघतो."

ताई दाराला पाठ लावून उभी राहिली. "बस खाली. तुमची दोन्ही नकोत. आता माझं." तिने पिशवीतून एक पातळसं पुस्तक काढलं. "यात सगळ्यांनी आज्या व्हायचं. डोंगरखिंडीत खानावळ चालवणाऱ्या आज्या. गिऱ्हाइकं म्हणून राक्षस येतात."

"तलवार?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. झारा."

"जादू?" भावाने विचारलं.

"डोळे वटारणं."

नवऱ्याने पुस्तक ओढून घेतलं. "अगं, यात वजनाचं कोष्टकच नाही!"

भाऊ त्याच्या खांद्यावरून डोकावला. "आणि सुरुवात बघा. पहिल्याच पानावर भांडी घासताहेत!"

"घासायलासुद्धा फासा टाकायचा!"

"राक्षस उपाशी राहिला तर काय, ते तरी दिलंय का?"

"दिलंय ना. तो रडतो."

"रडतो?" भाऊ खुर्चीत कोसळला. नवरा डोळे पुसत हसत होता. खुर्च्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

दोघं थेट एकमेकांशी बोलत होते! ताईला आनंद झाला आणि त्याच वेळी भयंकर रागही आला, कारण ते पुस्तक तिला मनापासून आवडलं होतं. खेळात आपण जी आजी होणार तिचं नावही तिने ठरवून ठेवलं होतं. पुस्तक हिसकावून घेत तिने भावजयीचा हात धरला. "चल आत. आपण दोघी खेळू."

पुस्तक गेल्यावर पुरुषांना नावं ठेवायला काही उरलं नाही. आपापल्या पुस्तकाचा विषय पुन्हा काढायची हिंमत होईना. आणि स्वयंपाकघरातून खिदळणं ऐकू यायला लागलं. थोड्या वेळाने दोन डोकी दारात आली.

"काय चाललंय?"

"राक्षसाची दाढ काढतेय," भावजय म्हणाली. "मधे बोलू नका."

"आम्ही त्याला धरून ठेवलं तर?"

"त्यासाठी आजी व्हावं लागतं," ताई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी तापट आजी," नवरा घाईने म्हणाला.

"तापट मी! आवाज कोणाचा आहे? तुम्ही हिशेबी आजी व्हा," भाऊ म्हणाला. "आणि सरका जरा, भाओजी."

भाओजी! किती दिवसांनी. ताईने फासा टाकला खरा, पण डोळे भरून आल्यामुळे तिला आकडाच दिसेना.

भावजयीने वाकून बघितलं. "एक पडलाय. हिशेबी आजी आणि तापट आजी, राक्षसाने दोघींना गिळलं."

"गिळलं? असं कसं गिळेल?" भाऊ ताडकन उठला. "भाओजी, तुमचं ते जाड पुस्तक आणा बघू!"